हवा कुठून घेते

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली. लोक हळहळले. मुंबईची शान गेली म्हणाले. मला तिचा स्लो आठवला. स्लो म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी उभ्या जागी जो श्वास घेते, तो.

साल 1987. मी आयटीआयचा मोटार मेकॅनिक, कुर्ल्याच्या एका गॅरेजात नवा लागलेला. पद्मिनीला आम्ही फियाटच म्हणायचो. एक साहेब आपली जुनी फियाट घेऊन आले. गाडी उभी राहिली की थरथरायची, गचके देत बंद पडायची. सिग्नलला हमखास. आधीच्या गॅरेजवाल्यानं सांगितलेलं, इंजिन गेलं, पिस्टन-रिंगा टाका.

शेठनं मला पुढं केलं. साहेबानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आडनाव काय रे?"

सांगितलं.

"म्हणजे कोट्यातला! सीट मिळते तुम्हाला, अक्कल कोण देणार?"

शेठ हसला आन् चहाला निघून गेला. मी हसलो नाही. बॉनेट उघडलं.

गॅरेजातला म्हातारा चाचा म्हणायचा, आधी ऐक, मग खोल. मी इंजिन गरम होऊ दिलं. चोक पुरता आत ढकलला. मग रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढत गेलो. वायर काढून फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला, हा साधा हिशोब. पहिली काढली, इंजिन पडायला लागलं. दुसरी, तिसरी, चौथी. तेच. म्हणजे चारी सिलिंडर जिवंत. चारी सारखेच राबतायत.

डिलकोचं झाकण काढलं. पॉइंट काळे पडलेले. घासले, फिलर गेजनं फट लावली. थोडा फरक पडला, पण थरथर तशीच.

मग चोक जरासा ओढला. इंजिन एकदम शांत. तिथंच गोम कळली. चोक हवा अडवतो. हवा अडवल्यावर गाडी सुधारते, म्हणजे कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय आन् पेट्रोल पातळ पडतंय. तेलाची कॅन घेतली. कार्बोरेटरच्या बुडाशी जोडावर थेंब थेंब सोडलं. एका कोपऱ्यात तेल आत ओढलं गेलं, आन् स्लो चढला.

कार्बोरेटर उतरवला. खालचं गॅस्केट फाटलेलं. कुणीतरी एकच नट आवळून आवळून बूड वाकवलेलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड घासलं, सपाट केलं. नवं गॅस्केट कापून घातलं. स्लोचा जेट फुंकून साफ केला. दोन्ही नट आळीपाळीनं, बेतानं आवळले. मग मिक्श्चरचा स्क्रू आतबाहेर करत इंजिन जिथं सुरळीत चालतं तिथं ठेवला, आन् स्लो लावला. गाडी एका लयीत बोलायला लागली.

मी म्हणलं, "साहेब, इंजिन चांगलं आहे. रिंगा टाकल्या असत्या तरी थरथर गेली नसती. चारी सिलिंडर पुरतं काम करत होते. खोट जोडात होती."

साहेब गप्प. दोनदा स्वतः बसून बघितलं. सिग्नलसारखी उभी करून बघितली. बंद पडली नाही. मग पाकीट काढलं. मी हात पुढं केला. त्यानं नोटा बॉनेटवर ठेवल्या.

हे मला नवं नव्हतं. गावात माझ्या आईनं असेच पैसे उंबऱ्यावरून उचललेले. मी हात मागं घेतला नाही. पुसलेला, तरी नखात ग्रीस असलेला हात तसाच धरून उभा राहिलो. इंजिन चालू होतं. वाऱ्यानं नोटा सरकायला लागल्या. एक खाली पडली.

साहेब वाकला. नोट उचलली, बाकीच्या गोळा केल्या. बघितलं माझ्याकडं. मी काहीच बोललो नाही.

मग त्यानं पैसे माझ्या हातावर ठेवले.