जोडीचा जनरेटर

आमच्या घरी जनरेटर दोन आहेत. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. पहिल्यांदा येणारा पाहुणा ते बघतो आणि विचारतो, एवढे पैसे घातले तर एकच मोठा का नाही घेतला? आईनंही तेच विचारलं होतं. "दोन-दोन कायले पाह्यजेत रे? एकानं भागत नाई का?" तिला तेव्हा काहीतरी थोडक्यात सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायचं तर बाबांच्या दुकानापासून सुरुवात करावी लागते.

बाबांचं वरवट बकालच्या बसस्टँडजवळ कापडाचं दुकान होतं. लग्नसराईत गिऱ्हाईक यायचं संध्याकाळी आणि लाइन जायची तीही संध्याकाळीच. कंदिलाच्या उजेडात कापड विकता येत नाही. हिरवा आणि निळा सारखेच दिसतात, राणी रंग मळकट दिसतो. बाई पदर दाराशी नेऊन निरखायची आणि "उद्या सकाळी येतो" म्हणून उठायची. उद्या ती शेगावला जाऊन खरेदी करणार, हे बाबांना ठाऊक असायचं. म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी खामगावहून छोटा श्रीराम होंडा आणला. ही कंपनी १९८५ मध्ये निघाली आणि तिचे रॉकेलवर चालणारे जनरेटर पुढे गावोगावच्या दुकानांपुढं, फोटो स्टुडिओत, डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर दिसू लागले. लग्नाच्या वरातीतही तोच, हातगाडीवर बसून बँडच्या मागं धडधडत चालायचा आणि त्याच्या वायरीला बांधल्यासारखी डोक्यावर दिवे घेतलेली माणसं पुढं चालायची.

तो चालू करणं हे माझं काम. आधी कॉक पेट्रोलवर, चोक ओढायचा, मग दोरीला झटका. इंजिन तापलं की कॉक रॉकेलवर फिरवायचा. रॉकेल थंड इंजिनात पेटत नाही, म्हणून हा खटाटोप. खरी मेख मात्र बंद करताना होती. दुकान वाढवायच्या आधी पाचेक मिनिटं कॉक पुन्हा पेट्रोलवर आणायचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोरी एका झटक्यात लागते. घाईत कोणी तसाच बंद केला, तर दुसऱ्या दिवशी खांदा निखळायची वेळ. मग प्लग काढा, त्यावरची काजळी पॉलिश पेपरनं घासा, फुंकर मारा, पुन्हा ओढा. रेशनचं रॉकेल निळं असायचं, आणि कोणाच्या जनरेटरात कोणत्या रंगाचं आहे हे अख्ख्या बाजाराला माहीत असायचं. त्यावर कोणी बोलत नसे.

त्या मशिनीवर दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा चालायचा. शेजारच्या चहावाल्याला एक बल्ब आमच्याकडून दिलेला. त्यानं बल्ब लावला की आमच्या ट्यूबा क्षणभर मिचकायच्या. आपल्या उजेडात दुसऱ्याचा वाटा असतो, हे तेव्हापासून डोळ्यांना दिसत आलंय.

पुढं भारनियमनाची वर्षं आली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. लाइनच्या वेळापत्रकात मात्र आमच्याकडं काही सुधारणा दिसली नाही. पिठाच्या चक्कीपुढं डब्यांची रांग लाइन येईल त्या वेळेला, मग ती मध्यरात्र का असेना. बारावीची पोरं कंदील घेऊन बसलेली. गंमत म्हणजे शेगावहून अकोल्याच्या गाडीत बसलं की नागझरीनंतर पारसच्या चिमण्या दिसायच्या. तिथं २००८ आणि २०१० मध्ये अडीचशे मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले. वीज आमच्या शेजारी तयार होत होती आणि आम्ही रॉकेल शोधत होतो. बाजारात एकानं मोठा डिझेल जनरेटर बसवून दुकानादुकानांत वायरी ओढल्या, ट्यूबमागं रोजचे पैसे ठरले. बाबांचा होंडा घरी परसात आला.

याच काळात चुलतभावाच्या डोक्यात आलं की आमचा जुना आणि त्याचा जुना असे दोन होंडा एकमेकांना जोडले तर पाण्याची मोटर चालेल. दोन्ही मशिनी घेऊन तो खामगावच्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं हात जोडले. "भाऊ, वायर जोडून देतो, पण मंग जळलेल्या मशिनी माह्याकडं आनू नका." तो बरोबर होता. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते. साध्या जनरेटरात हा वेग थेट इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतो, मिनिटाला तीन हजार. दोन इंजिनं अगदी एका फेरीला, एका क्षणाला वर आणि एका क्षणाला खाली आली तरच त्यांची वीज एकत्र होते. बैलजोडीतला एक बैल पुढं ओढतोय आणि दुसरा मागं रेटतोय असं झालं तर जू मोडतं. इथं वाइंडिंग जळतं. मोठ्या वीजकेंद्रांत हे जुळवायला स्वतंत्र यंत्रणा असते. परसात वायरीला वायर पिळून ते होत नसतं.

मग आलं २०२१. दुसऱ्या लाटेत आईला कोविड झाला. दवाखान्यातून घरी आली ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसकट. हे मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास वीज खातं आणि ती न थांबता लागते. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी त्याला जेमतेम चार तास पुरणार. मे महिन्यात आमच्याकडं सातपुड्याच्या बाजूनं वावटळ उठते, चार थेंब पडतात आणि लाइन जाते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर ती बदलून येईपर्यंत किती रात्री जातील, हे कोणी सांगू शकत नाही. आईच्या खाटेजवळ बसून त्या मशिनीची घरघर ऐकताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालायचा: लाइन गेली तर बॅटरी, बॅटरी संपली तर जनरेटर, आणि जनरेटर चालू झाला नाही तर? मोठा जनरेटर कितीही मोठा असला तरी तो एकच असतो. त्याचा प्लग भिजला की पाच किलोवॅट शून्यावर येतात.

म्हणून दोन घेतले, इन्व्हर्टर जातीचे. यात इंजिनाच्या फेऱ्यांशी विजेच्या लयीचा संबंध तुटलेला असतो. इंजिन वाट्टेल त्या वेगानं फिरो, आतली इलेक्ट्रॉनिक पेटी आधी त्या विजेचं डीसी करते आणि मग त्यातून नेमक्या पन्नासच्या लयीची नवी एसी घडवते. दोन मशिनी कंपनीच्याच केबलनं जोडल्या की एकीची लय दुसरी पकडते. मिस्त्रीनं हात जोडलेलं काम आता त्या पेटीत होतं. भार कमी असला की इंजिन आपोआप मंद होतं. साडेतीन लिटरच्या टाकीत कॉन्सन्ट्रेटर, पंखा आणि एक दिवा यांवर एक मशीन सात-आठ तास जायचं. रात्रभर एकच चालवायचं, दुसरं तयार ठेवायचं. पाच किलोवॅटचं धूड त्या एवढ्याशा भारासाठी रात्रभर तीन हजार फेऱ्यांनी गरगरलं असतं आणि शेजाऱ्यांची झोप गेली असती ती वेगळी. शिवाय या मशिनी एकेक वीस-एकवीस किलोच्या, माझी बायको एकटी उचलून परसात ठेवते. पैसे मोठ्यापेक्षा जास्त गेले, हे खरं.

जोडी लागते ती सकाळी नळ आल्यावर. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि या पाण्यानं मूत्रपिंडं गेलेली माणसं संग्रामपूर तालुक्यात गावोगाव आहेत. वान धरणावरच्या एकशेचाळीस गावांच्या योजनेचं पाणी पाळीनं येतं. नळ आला आणि लाइन नसली तर टाकी कोरडी राहते. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना साडेसातशे वॉटच्या वर घेते, पण उठताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट मागते. एकटं मशीन तिथं ओव्हरलोडचा लाल दिवा लावून गप्प बसतं. दोघं मिळून ती मोटर उठवतात. क्रम ठरलेला: दोन्ही बंद असताना केबल लावायची, मग एकेक चालू करायचं, दोघांचे हिरवे दिवे लागले की मगच भार टाकायचा. ऑइल पहिल्यांदा वीस तासांनी बदलायचं, पुढं शंभर तासांनी. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. महिनाभर काम नसेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवणं बरं.

आई काही महिन्यांत ऑक्सिजनवरून उतरली. आता आवाजाची तक्रार करते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. मशिनी कायम परसात, भिंतीपासून दूर, उघड्यावर, वर पत्रा टाकून. पाऊस आला म्हणून ओसरीत आत घेण्याचा मोह कोणालाही होतो, तिथंच घात होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

२२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. शेतं खरडून गेली, घरांत पाणी शिरलं. लाइन गेली ती गेलीच. आमच्या ओसरीत शेजारपाजारचे मोबाइल चार्जिंगला ओळीनं लागले. चहावाल्याच्या एका बल्बची जागा एक्स्टेन्शन बोर्डानं घेतली, एवढाच फरक.

पाणी ओसरल्यावर वायरमन खांबावर चढायच्या आधी आमच्या दारात आला. "चेंजओव्हर हाय ना भाऊ?" मी बोर्ड दाखवला. वर लाइन, मध्ये बंद, खाली जनरेटर. त्यानं हात लावून पाहिला, मगच गेला. कारण जनरेटरची वायर साध्या प्लगमध्ये खोचून घर उजळवणारे लोक आमच्याकडं आहेत. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. डीपी दोन्ही बाजूंनी सारखीच चालते: अकरा हजाराचे दोनशेतीस करते, तशी दोनशेतीसचे अकरा हजारही करते. फ्यूज काढलेले नसतील तर बंद लाइन म्हणून तारेला हात लावणाऱ्या माणसाच्या हाती कोणाच्या तरी परसातला जनरेटर लागतो.

समोरच्यांनी आता पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावर पॅनल बसवले. लख्ख उन्हात लाइन गेली आणि घर बंद पडलं, तेव्हा ते चिडून आले. बॅटरी नसलेलं असं सोलर लाइन गेली की स्वतःला बंद करून घेतं, खांबावरच्या माणसासाठीच. हे त्यांना विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं. त्यांना वाटलं, फसवलं. मला विचाराल तर त्या पॅनलला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

तुमच्याकडं जनरेटर एक असो की दोन, पेट्रोलचा असो की डिझेलचा, चेंजओव्हर बसवल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नका. आणि तुमच्या गल्लीत लाइनवर काम निघालं, तर वायरमनला आधी फोन करून सांगा की आमच्याकडं जनरेटर चालू आहे.