पहिल्या तासाला तलाव

समाजशास्त्राची ओळख बहुधा ऑग्युस्त काँतपासून करून देतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये शिकवताना मला ती मामा (माजी मालगुजारी) तलावापासून करावीशी वाटते. पाळ कोणी बांधली, पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत जातं, मासे धरायला ढिवर समाजच का, रोवणीला बायाच का वाकतात, 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर गाळ कोणी काढायचा? निम्मी उत्तरं मुलांना घरूनच ठाऊक असतात. त्यांत जात, सत्ता, श्रमविभागणी सगळं आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मग समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. मालवणचा हा माणूस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचा प्रमुख होतो आणि 1943च्या पुस्तकात आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवतो. गोंड मुलांसमोर हे मांडायलाच हवं. त्यांना रागावू द्यावं, वाद घालू द्यावा. शास्त्र तिथंच जिवंत होतं.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीनं निर्णय घेतले आणि 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. त्या गावाला मी समाजशास्त्राचं विद्यापीठच मानतो.

पहिला गृहपाठ ठरला: आपल्या गावच्या ग्रामसभेत बसायचं. कोण खुर्चीवर, कोण खाली, कोण बोलतं, कोण गप्प, ते टिपायचं. एखादी बाई बोललीच, तर तिचं वाक्य जसंच्या तसं, इथल्या झाडीबोलीतच लिहून आणायचं.