वाट कुणी निवडली?

वैरागच्या एसटी स्टँडवर कुणालाही विचारा, या कामात कसे आलात? उत्तर सहसा दुसऱ्याच कुणापासून सुरू होतं. थोरल्याचं दुकान होतं, मामा पुण्याला होता, त्या साली पाऊस दगा देऊन गेला. 'मी ठरवलं' असं फारसं कानावर येत नाही, आणि कुणाला त्याची खंतही दिसत नाही.

आमच्याच तालुक्याचं, बार्शीचं उदाहरण घ्या. रणजितसिंह डिसले यांना आयटी इंजिनिअर व्हायचं होतं. इंजिनिअरिंग काही जमलं नाही. वडील म्हणाले, मास्तरकीचा कोर्स करून बघ. काहीशा नाखुशीनंच ते अध्यापक विद्यालयात गेले आणि तिथेच रमले. 2009 साली ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. शाळेच्या एका बाजूला गुरांचा गोठा होता. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. शिक्षक होणं त्यांनी निवडलं नव्हतं. कसला शिक्षक व्हायचं, हे मात्र त्यांनीच ठरवलं.

ही गोष्ट सत्कार समारंभात सांगायला फार सोयीची आहे. म्हणून तिची दुसरी बाजूही सांगतो.

डिसले मास्तरकी शिकले त्या काळात गावोगावची पोरं बारावीनंतर डी.एड.कडे, म्हणजे त्याच मास्तरकीच्या कोर्सकडे, वळत होती, तीही बहुतेक घरच्यांच्या सांगण्यावरून. दोन वर्षं काढली की नोकरी, असा हिशेब होता. 2012 नंतर शिक्षकभरती जवळपास थांबली. 2013 ला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, 2017 ला अभियोग्यता चाचणी, मग भरतीसाठीचं पवित्र पोर्टल. डी.एड. कॉलेजांतल्या जागा ओस पडल्या. तीच वाट, तसेच वडील, तसाच सल्ला. फक्त साल वेगळं. या पोरांत काम जीव लावून करणारे कमी होते, असं मी मानत नाही. त्यांना वर्गच मिळाला नाही. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून कुणी दुकानावर बसलं, कुणी पुण्याला कंपनीत लागलं.

अपघातानं मिळालेलं काम माणूस आपलंसं करू शकतो, पण त्यासाठी आधी ते मिळावं लागतं. तेव्हा यंदा बारावी झालेल्या भाचीला 'तुझी आवड काय?' एवढंच विचारून थांबू नका. ती निघालीय त्या वाटेवर गेल्या पाच वर्षांत भरती किती झाली, तेही तिच्याबरोबर बसून बघा.