पुतणीचें नांव

पंचवटींतील आमच्या घरीं पुतणीचा लेख आला, कीं तो सर्वांसमक्ष वाचण्याची वहिवाट आहे. ती एका वृत्तपत्रांत मोबाईल व संगणक यांची पारख लिहिते. गेल्या महिन्यांत एका मोबाईलची बॅटरी किती तास टिकते, हें तिनें स्वतः मोजून लिहिलें. इंटरनेटवर त्यावर पुष्कळ शेरे आले. पण मोजमापाविषयीं चकार शब्द नाहीं! ‘पोळ्या लाटतां येतात काय?’, ‘लेख कोणा पुरुषानें लिहून दिला?’ हे त्यांतले सौम्य. बाकीचे येथें देण्याजोगे नाहींत. त्यांतलाच एक वाचून आमचे चिरंजीव हंसले, आणि आम्ही गप्प राहिलों.

उलट तिलाच उपदेश केला, "नांव नको, नुसतीं आद्याक्षरें घाल."

ती म्हणाली, "काका, चूक मोजमापांत आहे कीं नांवांत?"

१९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालें, तेव्हां बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनीं ‘विभावरी शिरूरकर’ हें नांव घेतलें. तरी गहजब टळला नाहीं; लेखिका कोण, याचीच चौकशी सुरू झाली.

स्त्रीचा इंटरनेटवरून पाठलाग करणें आज भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमानें गुन्हा आहे. परंतु शेरे मारणारा कोणाच्या तरी घरांतच वाढलेला असतो. तेथें कलमाच्या आधीं वडीलधाऱ्यांनीं पोंचावयाचें असतें. त्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांस तो शेरा आईसमोर मोठ्यानें वाचावयास सांगितलें. त्यांना वाचवेना.

पुढचा लेख पुतणीच्या पूर्ण नांवानिशीं आला. तो चिरंजीवांनींच वाचून दाखविला.