हुर्राकचा पेला आणि तीन दिवसांची सबुरी

मार्च ते मे या काळात आपण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गेलात, तर पिकलेल्या काजूबोंडांचा गोडसर, उग्र दरवळ वळणावळणावर भेटेल. बोंडे चेचून रस काढतात, तो आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळते ती सौम्य दारू म्हणजे हुर्राक. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक मात्र हंगामापुरतीच. म्हणून तिचा आग्रहही मोठा.

अशाच एका एप्रिलमध्ये मित्राच्या घरी जेवणापूर्वी पेले भरले गेले. त्याच्या पंचाहत्तरीच्या काकांनी हात पुढे केला. काकू हळूच म्हणाल्या, "दाढेच्या गोळ्या कालच संपल्यात ना?" काका हसले, "संपल्या, म्हणजे मोकळा झालो!"

मी रिकामी पट्टी मागवली. मेट्रोनिडाझोल. मला माझी जुनी चूक आठवली. एका रुग्णाला मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्यानंतर किती थांबावे हे सांगितले नव्हते. गोळ्या संपल्या त्याच संध्याकाळी त्यांनी मद्य घेतले आणि रात्री लाल चेहरा, उलट्या व धडधड घेऊन दवाखान्यात आले.

वाचकहो, गोळी संपली तरी औषध लगेच शरीराबाहेर जात नाही. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल घेताना आणि शेवटच्या गोळीनंतर पूर्ण तीन दिवस, म्हणजे ७२ तास, मद्य टाळावे. त्रास सर्वांनाच होतो असे नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. अमॉक्सिसिलिनचे मद्याशी असे थेट वैर नाही. तरी ताप, जुलाब, अशक्तपणा ओसरेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे. मद्यासाठी गोळी चुकवणे वा औषध अर्धवट सोडणे तर मुळीच नको.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढेच मद्य अधिक चढते आणि तोल जातो. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. घरातील सेवेकऱ्यांनी आणखी एक पाहावे: द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आणि खोकल्याच्या काही औषधांतही मद्यार्क असतो. आणि जे मद्य घेत नाहीत, त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून ते सुरू करण्याचे काहीच कारण नाही.

काकांना मी एवढेच म्हणालो, "काका, बोंडे अजून झाडावर आहेत. तीन दिवसांत हंगाम संपत नाही."

ते क्षणभर रुसले. मग काकूंनी त्यांच्यापुढे कोकम सरबताचा पेला ठेवला, आणि त्यांनी तोच उंचावून आम्हा सर्वांना साथ दिली.