काच अर्धी खाली

१.
चिखलीत मेहकर फाट्याकडे जाताना एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. दुकानाला पाटी नाही. सताड उघड्या दारांच्या गाड्या दिसल्या की समजायचं.

२.
आज टाटा सिएरा, एमएच-28. डावी काच अर्ध्यावर अडकलेली, उजवी मनाला येईल तेव्हा हलणारी.
मालक : "मोटर गेली ना भाऊ?"
इलेक्ट्रिशियन : "सारे हेच म्हनतात."

३.
सिएरा टेल्कोनं 1991 मध्ये आणली, पुण्यात बनवली. बटणानं काच खाली होते हे आपल्याकडच्या कित्येकांनी पहिल्यांदा तिच्यात पाहिलं. मागची भलीमोठी काच पक्की बसवलेली, उघडतच नाही. तिची तक्रार कधी आलेली नाही.

४.
उजव्या मोटरच्या सॉकेटात मीटर 12 व्होल्ट दाखवतो. मोटर ढिम्म. इलेक्ट्रिशियन मीटर बाजूला ठेवतो आणि दोन तारा जोडलेला हेडलाइटचा जुना बल्ब तिथं लावतो. बल्ब नुसता लालसर. म्हणजे करंट वाटेत अडतोय. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेल्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मोटर काच उचलायला पाच-दहा अँपिअर मागते. बल्बही तेवढेच मागतो.

५.
बाकावर ट्रॅक्टरचा स्टार्टर मांडीवर घेऊन बसलेला शेतकरी : "आमच्या डीपीचं असंच हाये. मीटर पाह्यलं तं लाइट भरपूर. मोटर चालू केली का पडली."

६.
फ्यूज बघून झाला. आता दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी. दाराच्या प्रत्येक उघडझापीला आतल्या तारा तिथंच वाकतात. वर्षानुवर्षं वाकून तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. बाहेरून काही दिसत नाही.
तो मालकाला उजव्या काचेचं बटण दाबून धरायला सांगतो आणि दार इंचाइंचानं ढकलतो. एका जागी काच चार बोटं सरकते. दार तिथंच रोखून धरतो.
"इथं हाये."

७.
आता डावी काच. तिच्यासाठीही उजवंच दार खोललं. मालक अस्वस्थ.
प्रत्येक काचेला मोटर एकच, वर-खाली करताना नुसते प्लस-मायनस उलटतात. बटण सोडलं की दोन्ही तारा अर्थला टेकलेल्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या दाराचं हे अर्थिंग ड्रायव्हरच्या बटणांतून जातं. तिथला कॉन्टॅक्ट काळा पडला की डावीकडे बसलेला माणूस कितीही बटण दाबो.
हे पटायला एक चहा लागला.

८.
बटण उकललं. पट्टीवर काजळी, कडेला हिरवं. झिरो पेपर हलक्या हातानं. तेवढ्यात आतली बारीक स्प्रिंग उडाली. चार माणसं रस्त्यावर ओणवी. एसटीनं हॉर्न दिला.

९.
सिएरा टाटा मोबाइल या पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली. त्याच घराण्यातल्या 207 गावोगाव पळाल्या, त्यामुळे इंजिनाचं निघेल काहीतरी. पण पिकअपची काच हँडल फिरवून उतरायची. तेव्हा स्प्रिंग सापडेपर्यंत कोणी उठलं नाही.

१०.
काच जड जात असेल तर आधी चॅनलचं रबर बघायचं. काळ्या रानाची धूळ रबरात बसली की काच घासत चढते, मोटर तापते, आतला कट-आउट करंट तोडतो. थोड्या वेळानं मोटर गार होते, काच चालते. मालकाला वाटतं आपोआप बरं झालं. तेल घालू नये, धूळ आणखी धरते. सिलिकॉन स्प्रे चांगला. इथं अंगाला लावायची पावडर.

११.
अमेरिकेत पॅकार्डनं 1940 च्या सुमारास काचा यंत्रानं हलवल्या, त्या तेलाच्या दाबावर. बिघाड निदान गळताना दिसत असेल.

१२.
2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या. निवडणुकीत तर पुढाऱ्यांच्या काचाच खाली येतात. वायरिंग तेच.

१३.
सामान : वीतभर तार, सोल्डर, झिरो पेपर, पावडर.
मालक दोन्ही काचा तीन-चारदा वर-खाली करून बघतो. मग : "नवीन तं काहीच नाही टाकलं. पैसे कायचे?"