सिस्टरांची मराठी

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका छोट्या कॉन्व्हेंटमध्ये पहाटे पाचला घंटा होते. साडेपाचला चॅपलमध्ये प्रार्थना आणि मनन, साडेसहाला मिस्सा, मग चहा-नाश्ता, झाडलोट, आणि बरोबर नऊला मराठीचा तास. परराज्यातून नव्याने आलेल्या सिस्टरांचे पहिले काही महिने असे जातात. दवाखान्यात ड्युटी नाही, शाळेत वर्ग नाहीत. काम एकच, भाषा शिकणं. नऊच्या त्या तासाला शिकवायला मी जाते. शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई गावात मोकळीच आहे, हे कुणीतरी मदर सुपीरियरच्या कानावर घातलं होतं.

मिशनरी म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर गोरा माणूस उभा राहतो. नगर जिल्ह्यात असे लोक आले, राहिले, इथेच पुरलेही गेले. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं मांडलं, त्यांच्यामागून युरोपातले जेझुइट आले. आता परदेशातून कुणी फारसं येत नाही. आज इथल्या धर्मग्रामात काम करायला येणारी सिस्टर बहुतेक वेळा केरळची असते, नाहीतर झारखंड, तमिळनाडू किंवा मंगळूरकडची. वय पंचविशीच्या आसपास. नर्सिंग किंवा शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला. इंग्रजी बरी, मराठी शून्य.

गेल्या तुकडीत दोघी होत्या. एक कोट्टयमकडची, दुसरी रांचीजवळच्या गावातली. केरळच्या सिस्टरला हिंदी जेमतेम येत होती. रांचीकडच्या सिस्टरचं शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं, तिला देवनागरी वाचायला एक दिवसही लागला नाही. ही महिनाभरात फाडफाड बोलायला लागेल आणि पहिली अडखळत राहील, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. घडलं उलटं.

मल्याळममध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. तो आला, ती आली, ते आले, सगळ्यांना एकच रूप. त्या भाषेच्या घरातून आलेल्या मुलीला 'मी आंबा खाल्ला' पण 'मी भाकरी खाल्ली', आणि खाणारी तीच, हे पटवून द्यायचं म्हणजे शिक्षकाची कसोटी. तिने वहीचं पान उभं आखलं. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला तिचं क्रियापद. दूध सांडलं, डाळ सांडली, रस्सा सांडला. स्वयंपाकघरात भांडी घासताना ती हे मोठ्याने म्हणत असे आणि कामाला येणाऱ्या मावशी मधूनच दुरुस्त करत, 'सांडली न्हाय शिस्टर, सांडलं.' 'चमच्या'तला आणि 'चहा'तला च वेगळा, हेसुद्धा तिला मावशींनीच शिकवलं. माझ्या फळ्यावर तर दोन्ही च सारखेच दिसत होते.

काही गोष्टी मात्र तिला सांगाव्याच लागल्या नाहीत. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांतला भेद हिंदीवाल्यांना कळायला वेळ लागतो, कारण हिंदीत दोन्हीकडे 'हम' भागतं. मल्याळममध्ये असे दोन शब्द आहेतच. मी फळ्यावर उदाहरणं लिहीत होते तेव्हा रांचीकडची सिस्टर एकदम म्हणाली, 'हे तर आमच्या मुंडारीतही आहे, आबू आणि आले.' तोवर ती प्रत्येक मराठी वाक्य हिंदीच्या दारातून आत आणत होती. त्या दिवसापासून मी तिला हिंदीऐवजी घरची भाषा आठवायला सांगू लागले.

वर्ग अकराला सुटतो. पुढचा वेळ पाठांतर, मराठी प्रार्थनापुस्तक आणि गाण्यांचा. दुपारच्या जेवणात टेबलावर मराठीखेरीज बोलायचं नाही, असा इथला दंडक आहे. पहिल्या आठवड्यात टेबलावर शांतता असते. दुसऱ्यात 'मीठ द्या', 'पाणी पाहिजे' सुरू होतं. महिन्याभराने कुणीतरी तक्रार करतं की आमटीत मीठ जास्त आहे. तक्रार करता येऊ लागली की भाषा यायला लागली, असा माझा ठोकताळा आहे.

चार वाजता दोघी वस्तीवर जातात. खरी अडचण इथे सुरू होते, आणि ती सिस्टरांच्या बाजूने नसते. रांचीकडची सिस्टर किराणा दुकानात उभी राहून नीट जुळवलेलं वाक्य म्हणते, 'दादा, अर्धा किलो शेंगदाणे द्या.' दुकानदार हसून विचारतो, 'और क्या चाहिए सिस्टर?' रिक्षावाला हिंदीत, एसटीचा कंडक्टर हिंदीत, ओट्यावर बसलेल्या बायासुद्धा मोडक्यातोडक्या हिंदीत. पाहुण्याला त्रास नको, हा सगळ्यांचा भाव. एकदा समोरून हिंदी आली की तीही हिंदीत उत्तर देते, काम होतं, आणि तेवढी मराठी बुडते. केरळच्या सिस्टरशी लोक हिंदी बोलून बघत. ती नुसती बघत राहिली की नाइलाजाने मराठीवर येत. तिच्या वाट्याला रोज दोन-अडीच तास अस्सल बोली मराठी आली. दुसरीला त्याच गल्लीतून पाव तासही मिळाला नाही.

अपवाद फक्त लहान पोरांचा. त्यांना हिंदी येत नसते, आणि येत असली तरी सभ्यपणाची पडलेली नसते. ती चुकीला हसतात, बरोबर शब्द ओरडून सांगतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. रांचीकडच्या सिस्टरने शेवटी पोरांचीच शिकवणी लावली. संध्याकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर ती त्यांना पाढे शिकवी आणि पोरं तिला 'चल', 'पळ', 'थांब की', 'आसं नस्तं' हे सगळं.

जुन्या मिशनऱ्यांचा इतिहास या नजरेने वाचला की गंमत वाटते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि 1616 मध्ये राचोलला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं. एका इंग्रज माणसाने ओवीत लिहिलेलं हे काव्य. त्यांनी कोकणीचं लिहिलेलं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये निघालं. विल्यम कॅरी बंगालमध्ये बसून मराठी शिकले, वैजनाथ पंडितांच्या मदतीने, आणि 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापून मोकळे झाले. स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन 1829 मध्ये मुंबईला पोचले, पण भाषेसाठी मुंबईत बसले नाहीत. बाणकोट आणि हर्णै या कोकणच्या बंदरांवर जाऊन राहिले. तिथे इंग्रजी ऐकू येणार नव्हती. वर्ष संपायच्या आत विल्सन मराठीतून प्रवचन देऊ लागले आणि मार्गारेटबाईंनी मुंबईत परतल्यावर मुलींच्या शाळा काढल्या. यांच्या बुद्धीबद्दल शंका नाही, पण त्यांना आणखी एक सोय होती. कोकणातल्या खोताला किंवा कोळ्याला त्यांच्यासाठी बदलायला दुसरी भाषाच नव्हती.

कॉन्व्हेंटच्या कपाटात मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश आहे. पहिली आवृत्ती 1831 ची, आमच्याकडे आहे ते 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. जवळपास साठ हजार शब्द. कोश जुना आहे म्हणून तो कालबाह्य झाला असेल, असं नव्या सिस्टरांना वाटतं. दवाखान्यात बसायला लागल्यावर त्या तो स्वतःहून मागतात.

तिसऱ्या महिन्यापासून त्यांना दुपारी दवाखान्यात, थोरल्या सिस्टरच्या शेजारी नुसतं ऐकायला बसवतात. केरळची सिस्टर नर्स. तिच्या पाठ्यपुस्तकात 'पेन' हा एक शब्द होता. इथे पहिल्याच दुपारी तिच्या वहीत उतरलं ते असं: डोकं ठणकतं, दाढ ठणकते, छातीत चमक येते, पोटात कळ येते, मुरडा येतो, खांद्याला रग लागते, पायाला मुंग्या येतात, पोटात ढवळतं, छातीत जळजळतं, अंगात कणकण असते, हातपाय गळतात. एकेका शब्दामागे वेगळा आजार उभा असू शकतो. मुरड्याला विचारायचे प्रश्न निराळे आणि जळजळीला निराळे. बाया तर आणखी आडून बोलतात. 'दिवस गेलेत' म्हणजे बाई गरोदर आहे आणि 'अंगावरून जातं' म्हणजे तिला पांढरं किंवा लाल जाण्याचा त्रास आहे, हे ज्याला कळत नाही तो तिला डोकेदुखीची गोळी देऊन वाटेला लावील. हिंदीतून हे विचारता येत नाही असं नाही. पण सत्तरीची आजी आणि तिची सून या गोष्टी हिंदीत सांगत नाहीत. त्या गप्प बसतात, आणि आजार तसाच घरी जातो.

मान-अपमानही इथेच कळतात. पुस्तकात मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं असतं. वस्तीवर मात्र नातवंडं आजीला 'अगं आजे, तू' म्हणतात आणि वडिलांना 'तुम्ही'. परक्या आजीला सिस्टरने 'तुम्ही'च म्हणावं, पण वर्षभराने तीच आजी म्हणते, 'तू म्हन मला, लेकीवानी हाइस.'

रविवारी मिस्सात नव्या सिस्टरला पहिलं वाचन देतात. मिस्सा लोकभाषेत होऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये परवानगी दिल्यावर. त्याआधी वेदीवर लॅटिन चाले आणि समोर बसलेल्यांना त्यातलं काही कळत नसे. आता बायबलची मराठीही सोपी झालीय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' त्याच हेतूने झालं. 2020 मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. रांचीकडच्या सिस्टरने तिच्या पहिल्या वाचनासाठी हेच पुस्तक घेतलं आणि आठवडाभर वस्तीवरच्या पोरांसमोर तालीम केली. वाचन झाल्यावर मागच्या बाकावरून पोरांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये असं करत नाहीत, पण कुणी रागावलं नाही.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारिया मातेची, यात्रा भरते. दोघींना तिथे प्रथमोपचाराच्या मंडपात बसवलं होतं. दिवसभर माणसांची रीघ. चक्कर आलेल्या म्हाताऱ्या, हरवलेली पोरं, पायाला फोड आलेले, पाणी मागणारे. गर्दीत कुणाला भाषा बदलायला फुरसत नव्हती. परत येताना रांचीकडची सिस्टर म्हणाली, त्या एका दिवसात तिच्याशी जितके लोक मराठीत बोलले तितके आधीच्या सगळ्या महिन्यांत बोलले नव्हते. त्यानंतर तिची गाडी सुटली.

आता भाषेची ही मुदत आखडत चालली आहे. दवाखान्याला नर्स हवी असते, शाळेला शिक्षिका हवी असते, आणि वरच्यांना वाटतं, हिंदी-इंग्रजीवर निभावेल. कामचलाऊ पातळीवर निभावतंही. पण 'अंगावरून जातं' ऐकून न बिचकता पुढचा प्रश्न विचारणारी नर्स हवी असेल, तर तिला भाषेसाठी पूर्णवेळ महिने द्यायलाच हवेत. मिशनवाल्यांना मी हे दरवेळी सांगते.

आणि आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे. तुमच्या गावात सिस्टर असो, बँकेतला बदली होऊन आलेला मॅनेजर असो की परप्रांतीय डॉक्टर, तो माणूस अडखळत मराठी बोलू लागला तर लगेच हिंदीवर जाऊ नका. सावकाश बोला, दोनदा सांगा, चुकलं तर मावशींसारखं दुरुस्त करा, पण मराठीतच बोला. शिकवणीच्या दोन तासांत मी जे देऊ शकत नाही, ते तुमच्याकडे फुकट आहे.